बचावफळीतला निहार

आमच्या टेबलाला डोक्याच्या बाजूला एक भोक असतं. पेशंट पालथा झोपला की त्याचा चेहरा त्या भोकात बसतो आणि पुढचा अर्धा तास त्याला फक्त फरशी आणि माझे बूट दिसतात. समोर चेहरा नसला की माणसं खरं बोलतात, हे मला नागपूरच्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. मॅसॅच्युसेट्समध्ये सत्तावीस वर्षं फिजिओथेरपी केली, त्यातली बरीचशी लोकांच्या पाठीशी गप्पा मारण्यात गेली.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "तुमच्या कामातले गमतीदार अनुभव लिहा." गमतीदार असे थोडेच आहेत. लोकांना वाटतं मी मालिश करते. भारतातून मुलांकडे आलेले काका तर शर्ट काढून आडवेच होतात आणि म्हणतात, "जरा जोरात दाबा हो." खरं काम दाबण्यापेक्षा बघण्याचं जास्त असतं. माणूस वेटिंग रूममधून टेबलापर्यंत कसा चालत येतो, खुर्चीतून उठताना कुठल्या हातावर भार देतो, हे बघता बघता निम्मं निदान होऊन जातं.

बघण्यातही चुका होतात. एक निवृत्त पोस्टमन यायचे, गुडघा बदललेला. सहा आठवड्यांत गुडघा चांगला वाकायला लागला, पण माझ्यासमोर आले की वाकेना. मंगळवार-गुरुवार नियमानं हजर. मी एकदा त्यांना पार्किंगमध्ये वाकून पडलेली किल्ली उचलताना पाहिलं आणि त्याच दिवशी कागदावर 'पूर्ण बरे' असं लिहून त्यांना मोकळं केलं. जाताना ते अजिबात न लंगडता गेले. मी त्यांच्या चालीकडे अभिमानानं बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं राहून गेलं. त्या माणसाला घरी बोलायला कुणी नव्हतं, हे मला फार नंतर सुचलं. म्हणजे अविनाश गेल्यावर.

अविनाश माझे यजमान. ते गेले तेव्हा मुलगी आधीच देशाच्या दुसऱ्या टोकाला, क्युपर्टिनोला नोकरीला होती. ती रविवारी फोन करते, प्रेमानं करते, अर्धा-पाऊण तास बोलते. सोमवार ते शुक्रवार क्लिनिक असायचं. प्रश्न शनिवारचा होता. शनिवारी मी स्वच्छ असलेलं घर पुन्हा स्वच्छ करायची, मग श्रूजबरीच्या इंडियन स्टोअरमध्ये कोथिंबिरीची एक जुडी आणायला जायची आणि येताना मुद्दाम लांबच्या रस्त्यानं यायची.

अशा वेळी ग्रेग आला, दुखरा खांदा घेऊन. ग्रेग ऑस्ट्रेलियन, पेशानं सुतार. त्याच्या देशात एक वेगळाच फुटबॉल खेळतात, आणि इथल्या हौशी लोकांच्या एका क्लबाला तो शनिवारी तो खेळ शिकवायचा. खांदा बरा होत आला तसा म्हणाला, "आम्हाला मैदानाच्या कडेला मेडिकलचं एक माणूस लागतं. पट्ट्या बांधायच्या, पाणी द्यायचं. आणि कुणी पडलं तर त्यानं पुढे खेळायचं की नाही ते सांगायचं. त्यात शेवटचा शब्द तुमचा. मी कोच असलो तरी माझा नाही."

पगार नव्हता. मी विचार करते म्हणाले आणि घरी पोचायच्या आधीच फोन करून हो म्हटलं.

हा खेळ आपल्या ओळखीच्या फुटबॉलसारखा नाही. बॉल अंड्यासारखा लांबट. तो पायानं मारायचा, हातात घेऊन पळायचं, दुसऱ्याला द्यायचा तर मुठीनं ठोसून द्यायचा. लाथेनं आलेला बॉल हवेत झेलला की खेळ थांबतो आणि झेलणाऱ्याला शांतपणे पुढची लाथ मारता येते. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोहोंतून गेला तर सहा गुण, बाजूनं गेला तर एक. खेळाचे चार भाग. तिकडे अठरा-अठरा जण खेळतात, इकडे माणसं जमतील तसे खेळतात. आमचे खांब प्लास्टिकच्या पाइपचे होते, बुडाशी वाळूच्या पिशव्या. जोराचा वारा आला की मी आणि ग्रेगची बायको एकेक खांब धरून उभ्या राहायचो.

निहार मला तिथेच भेटला. खरं तर त्याला मी तीन वर्षांचा असल्यापासून पाहत होते. मंडळाच्या गणपतीत तो बाकी मुलांपासून जरा लांब बसून लाडू खायचा. त्याचे वडील सतीशराव अविनाशचे मित्र, दोघं एकाच कंपनीत होते. निहार इथेच जन्मला, इथेच वाढला. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून तो जमीन मोजणारा सर्व्हेअर झाला. तेव्हापासून बाप-लेकाचं बोलणं कामापुरतं राहिलं होतं. मंडळात कुणी विचारलं, "निहार काय करतो?" की सतीशराव म्हणायचे, "तो फील्डमध्ये आहे," आणि चहा आणायला उठायचे. निहार वडिलांच्या घरापासून पंधरा मिनिटांवर, वूस्टरला, एकटा राहायचा.

तेवीस वर्षांचा, उंच, वेगवान. म्हणून त्याला सगळ्यात पुढे ठेवलेलं, गोल करायला. पुढच्या खेळाडूकडे सगळे बॉल पाठवतात आणि मग सगळे त्याच्याकडे बघत बसतात. निहारला ते सोसत नसे. बॉल येण्याच्या आधीच पळत सुटायचा, उडी चुकायची, बॉल बोटांतून निसटायचा. आणि निसटला की तो बॉलच्या मागे जायच्या ऐवजी मैदानाबाहेर बघायचा, कुणी पाहिलं का ते. शिवाय असं अचानक सुटल्यामुळे मांडीच्या मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, एका वर्षात तीनदा दुखावला. तिन्ही वेळा माझ्या टेबलावर आला.

एका शनिवारी त्यानं गोलवर सहा लाथा मारल्या आणि सहाच्या सहा बाजूनं गेल्या. आम्ही चार गुणांनी हरलो. ग्रेग ओरडला नाही. फक्त म्हणाला, "पुढच्या वेळी तू मागे खेळ. बचावात."

सोमवारी निहार क्लिनिकमध्ये पालथा पडला. मग फरशीला सांगितल्यासारखं म्हणाला, "काकू, दे आर हायडिंग मी."

"लपवत कशाला असतील?"

"मागे कोण बघतं? आय ॲम डन. मी सोडतोय."

इथल्या मुलांना 'तुम्ही' येत नाही, सगळ्या जगाला 'तू'. पण 'सोडतोय' त्यानं इतक्या स्पष्ट मराठीत म्हटलं की मी घाबरले. मला हायवेवर गाडी चालवायची भीती वाटते. अविनाश असताना कधी वेळ आली नाही, नंतर हिंमत झाली नाही. बाहेरगावच्या मॅचला माझी गाडी निहारच चालवायचा. तो गेला तर माझा शनिवार गेला.

मी म्हणाले, "तू सोडलंस तर मलाही घरी बसावं लागेल. मला कोण नेणार?"

हे बोलायला नको होतं. पेशंटच्या भल्याचं सांगायचं असतं, स्वतःच्या गरजेचं नाही. आजही त्याची थोडी लाज वाटते. पण त्यानं भोकातून डोकं वर काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ओके. या शनिवारी येतो. फॉर द राइड."

बचावातली पहिली मॅच वाईट गेली. बचावाच्या खेळाडूला समोरच्या संघाचा एक माणूस नेमून दिलेला असतो. तो माणूस बॉल झेलणार नाही एवढंच बघायचं. निहारच्या माणसानं चारदा झेलला. तो खांदे आणि डोळे हलवून हूल द्यायचा आणि निहार प्रत्येक वेळी फसायचा. हे मी खांब धरून, पंधरा पावलांवरून पाहत होते, आणि माझे पाय आपोआप सरकत होते. मी कॉलेजकडून कबड्डी खेळले आहे, डाव्या कोपऱ्यात. चढाईला आलेली मुलगी काय करणार हे ओळखणं, एवढंच माझं काम होतं.

पुढच्या भेटीत व्यायाम झाल्यावर मी त्याला क्लिनिकच्या मागच्या पार्किंगमध्ये नेलं. "मी तुझ्या बाजूनं निसटणार. अडव."

"काकू, आर यू सीरियस?"

मी उजवीकडे बघितलं, उजवा हात टाकला आणि डावीकडून गेले. साठीला आलेली बाई, कार्डिगन घातलेली, त्याला चुकवून पार्किंगच्या रेषेपलीकडे उभी. पुन्हा केलं. पुन्हा फसला. शेजारच्या दाताच्या डॉक्टरांची रिसेप्शनिस्ट सिगरेट विझवायची विसरून बघत होती.

"माझ्या डोळ्यांकडे बघू नकोस," मी म्हणाले. "डोळे फसवतात, हात फसवतात. कमरेकडे बघ. कंबर जिकडे वळली तिकडेच माणूस जाणार."

सातव्या वेळी त्यानं अडवलं. मी त्याच्या छातीवर आदळले आणि चष्मा पडला. तो घाबरला, मी हसत सुटले. इतकं हसून मला किती दिवस झाले होते कोण जाणे.

ग्रेगनं त्याला दुसरी गोष्ट शिकवली. "झेलायचं नाही. मुठीनं दूर ढकल. बास." निहार मला गाडीत म्हणाला, "यू नो काकू, पकडायचंच नाही म्हटल्यावर भीतीच गेली." पुढे खेळताना त्याला बॉल मिळवायचा होता, तोही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मागे त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि तो मात्र सगळ्यांकडे बघू शकत होता. दिवसभर दुर्बिणीतून जमिनीचे कोन मोजणाऱ्या मुलाला मैदानाचेही कोन दिसायला लागले. कुणाच्या लाथेचा बॉल कुठे पडेल, ते तो आधी सांगायचा. महिना-दोन महिन्यांत त्याला कंठ फुटला. ज्याला शेजारच्याशी बोलायला जड जायचं, तो पन्नास पावलांवरच्या माणसाला ओरडून सांगायला लागला, "लेफ्ट! युअर लेफ्ट!" हॅमस्ट्रिंग पुन्हा दुखावला नाही. थोडं श्रेय माझ्या व्यायामांना, बरंचसं त्याच्या न घाबरण्याला.

दुसऱ्या वर्षी बॉस्टनच्या पलीकडे आमची अंतिम मॅच होती. अमेरिकेचा संघ निवडणारी दोन माणसं येणार होती, तीन आठवड्यांनी त्यांचं शिबिर होतं. आणि सकाळी गाडीत निहार म्हणाला, "बाबांना टेक्स्ट केलाय. येतो म्हणाले." मग मास पाईक हा हायवे संपेपर्यंत तो आरसा नीट करत राहिला.

सतीशराव आले, निळं जॅकेट घालून, खेळ सुरू झाल्यावर. कुंपणापाशी एकटेच उभे राहिले. त्या दिवशी निहार जसा खेळला तसं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. शेवटच्या भागात दहा-बारा मिनिटं उरली होती. एक उंच बॉल आला. निहार मागे मागे पळत गेला, उडी मारली, बॉल ढकलला, आणि आमच्याच एका खेळाडूच्या खांद्यावर त्याचं डोकं आपटलं.

मी पोचेपर्यंत तो उठून उभा होता. "आय ॲम फाइन."

आमचे ठरलेले प्रश्न असतात. कुठल्या मैदानावर आहोत, कितवा भाग चालू आहे, शेवटचा गोल कुणी केला. त्यानं सगळी उत्तरं बरोबर दिली. मग हळूच विचारलं, "काकू, बाबा आले का?"

"आलेत की. ते बघ, निळं जॅकेट."

त्यानं बघितलं, हात हलवला. मी त्याला एका पायावर उभं केलं. उभा राहिला. डोळ्यांसमोर बोट फिरवलं. ठीक वाटलं. मी त्याला जा म्हणणार होते.

"काकू," तो म्हणाला, "बाबा आले का?"

मेंदूला हादरा बसला की कधी कधी बाकी सगळं चालू राहतं आणि मधलं एखादं पान गळून जातं. त्यात डोक्याला दुसरा मार बसला तर काय होऊ शकतं, ते लिहायला मला आवडणार नाही. मी त्याचा दंड धरला आणि बाहेर चालायला लागले.

"नो. नो नो. काकू, टेन मिनिट्स!" मग एकदम मराठीत, "प्लीज. बाबा बघतायत."

ग्रेगनं लांबून माझ्याकडे पाहिलं. मी नाही अशी मान हलवली. त्यानं ओठ दाबले आणि दुसरा खेळाडू पाठवला. दिलेला शब्द त्यानं पाळला, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

सतीशराव कुंपण ओलांडून धावत आले. "वहिनी, जाऊ द्या ना त्याला. चालतोय, बोलतोय. त्याच्या सिलेक्शनचा प्रश्न आहे."

आयुष्यात पहिल्यांदा ते मुलाच्या बाजूनं बोलत होते, आणि नेमकं तेव्हा मला नाही म्हणावं लागलं. "सतीशराव, त्याला हॉस्पिटलमध्ये न्या. आत्ता."

बाप-लेक गाडीत बसून गेले. निहारनं माझ्याकडे पाहिलं नाही. त्याच्या जागी आलेल्या मुलाला निहारचा माणूस दोनदा हुलकावणी देऊन गेला आणि आम्ही तीन गुणांनी हरलो. खेळाडू सामान आवरताना आपसांत बोलत होते. "ही वॉज वॉकिंग अँड टॉकिंग." माझ्याशी कुणी वाईट वागलं नाही. फक्त एरवी पाण्याची पेटी उचलायला दोघं-तिघं यायचे, त्या दिवशी मी ती एकटीनं उचलली.

घरी नेणारं कुणी नव्हतं. विचारलं असतं तर कुणीतरी आलं असतं, पण विचारवलं नाही. मास पाईकवर उजव्या बाजूनं, ट्रकच्या मागे मागे, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून मी घरी आले. गॅरेजमध्ये गाडी बंद केल्यावर बोटं सरळ व्हायला वेळ लागला. पोचले हे सांगायला फोन हातात घेतला आणि कुणाला सांगायचं ते सुचेना.

रात्री सतीशरावांचा मेसेज आला : स्कॅन नॉर्मल, विश्रांती सांगितली आहे. निहारचा काहीच नाही. तीन आठवड्यांनी ते शिबिर झालं, त्याच्याशिवाय. तो क्लिनिकमध्ये आला नाही. थंडीत क्लबाच्या जेवणाला मी गेले नाही. माझा निर्णय बरोबर होता हे मला पाठ होतं, पण स्कॅन नॉर्मल आल्यापासून ते मला रोज स्वतःला सांगावं लागत होतं.

पुढचं आधीच सांगून टाकते. पुढच्या वर्षी निहार अमेरिकेच्या संघात आला, बचावात. नोकरीसाठी कोलोरॅडोला गेला, तिकडेच खेळतो. सतीशराव दोनदा जाऊन मॅच बघून आले. मंडळात हल्ली ते सर्व्हेअर म्हणजे काय ते लोकांना समजावून सांगतात. मी यंदा निवृत्त झाले.

पण कोलोरॅडोला जायच्या आधी, एप्रिलमध्ये, एका शनिवारी दुपारी बेल वाजली. निहार दारात. मी चहा टाकला. तो किचनच्या टेबलाशी बसला, कप फिरवत राहिला.

"आय वॉज मॅड ॲट यू," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"नो, ऐक. कुणाला सांगितलं नाही. आय डोन्ट रिमेंबर द गेम. ॲट ऑल. सकाळी तुझ्या गाडीत बसलो ते आठवतं. मग हॉस्पिटलचं सीलिंग. सगळे म्हणाले तू ठीक होतास, उगाच बाहेर काढलं. म्हणून मी चिडलो. पण मला तर काहीच आठवत नव्हतं. सांगितलं असतं तर परत खेळू दिलं नसतं."

मी समोर बसले.

"व्हिडिओ बघितला," तो म्हणाला. "ग्रेगच्या बायकोनं काढलेला. कॅमेरा बॉलच्या मागे. मी फोर टाइम्स दिसतो. बाबांना विचारलं, ते म्हणाले, 'खूप पळालास.'" तो हसला, मग हसू गेलं. "सगळे म्हणतात बेस्ट गेम होता. काकू, हाऊ डिड आय प्ले?"

तेव्हा मला कळलं की त्याची ती मॅच पूर्ण पाहिलेलं माणूस मी एकटीच होते. बाकी सगळे बॉल बघत होते.

मी पहिल्यापासून सुरुवात केली. तुझ्या माणसानं पहिल्याच मिनिटाला डावीकडे हूल दिली आणि तू हललासच नाहीस. दुसऱ्या भागात वारा आपल्या तोंडावर होता, तेव्हा तू तिघांना हातानं जागा दाखवून उभं केलंस, आणि बॉल नेमका तिथेच आला. एकदा तू घसरून पडलास आणि पडल्या पडल्या बॉल बोटानं ढकललास. मध्यंतरात तू पाणी घेतलं नाहीस, कुंपणाकडे बघत होतास. तिसऱ्या भागात तुझा माणूस वैतागून जागा सोडून दुसरीकडे गेला, तूही त्याच्या मागे गेलास. शेवटच्या भागापर्यंत त्याच्या नावावर एकही गोल नव्हता.

चहा निवला. निहार दोन्ही कोपरं टेबलावर टेकून, डोळे माझ्यावर लावून ऐकत होता. मी थांबले की म्हणायचा, "मग?" आणि मी पुढचं सांगायची.

मग तो उंच बॉल आला. तू मागे मागे पळत गेलास, सगळ्यांच्या वर उडी मारलीस, आणि मुठीनं तो असा ढकललास की थेट रेषेबाहेर गेला.

"मग?"

"मग मी धावत मैदानात आले," मी म्हणाले.